तिसरी तार

ज्या तालुक्याच्या गावी उमेदीच्या काळात मी एका छापखान्यात मुद्रिते तपासावयास जात असे, तेथील पायाने चालवावयाच्या ट्रेडल यंत्राला मालकांनी एका दिवाळीनंतर विजेची मोटर जोडून घेतली, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते यंत्र चावू लागले. ‘चावणे’ हा शब्द त्या यंत्रावर कागद लावणाऱ्या अण्णांचा. शाईच्या तबकडीखालच्या उघड्या लोखंडाला हाताचा ओझरता स्पर्श झाला, की बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या उठत आणि हात आपोआप मागे येई. ही गोष्ट फोरमनच्या कानांवर गेली होती, मालकांच्याही गेली होती. परंतु काम अडत नव्हते, आणि ज्या दोषाने काम अडत नाही त्याची दखल घेण्याची रीत त्या छापखान्यात नव्हती. अण्णांनी आपल्यापुरती तजवीज केली. पायांखाली चार पदरी गोणपाट घातले. “सवय झालीय आता,” असे ते म्हणत, आणि मीही ते ऐकून पुढच्या फर्म्याची मुद्रिते मागत असे.

आषाढात पत्रे गळू लागले. एके दिवशी सकाळी गोणपाट भिजलेले होते, ते कोणाच्या लक्षात आले नाही, आणि अण्णांचा हात लोखंडावर पडला तो मागे आला नाही. त्यांच्या घशातून एक चमत्कारिक आवाज निघाला, सारे शरीर ताठ झाले, आणि मग केवळ दैवयोगाने त्यांचे पाय निसटून ते पाठीमागे कोसळले म्हणून हात सुटला. दुपारी वायरमन आला. मोटरीच्या अंगापासून निघालेली हिरवी तार तो हाताने चाचपीत भिंतीपर्यंत गेला, खिळ्यांच्या केसींचे कपाट त्याने आम्हा तिघांकडून सरकवून घेतले, आणि भिंतीला पाडलेल्या भोकातून ती तार जेथे बाहेर पडली होती तेथे आम्हांला बोलावून नेले. बाहेर, भिंतीत ठोकलेल्या एका लोखंडी मेखेला तिचे तीन वेढे दिलेले होते. त्यापुढे काही नव्हते. ज्या तारेने जमिनीत उतरावयाचे ती जमिनीपासून चार हात वर, चुन्याच्या कोरड्या भिंतीत संपली होती. आणि छापखान्यातील प्रत्येक माणूस, ‘अर्थिंग केलेले आहे काय’ असे कोणी विचारले असते तर, ती हिरवी तार दाखवून ‘आहे’ असेच प्रामाणिकपणे म्हणाला असता.

त्या दिवसापासून ही तिसरी तार माझ्या मनातून गेलेली नाही. फेजच्या तारेतून वीज येते, न्यूट्रलच्या तारेतून ती परत जाते, या दोहोंवाचून दिवा लागत नाही की मोटर फिरत नाही; पण तिसरी तार जोडलेली असो वा तुटलेली असो, यंत्राच्या रोजच्या चालण्यात तिळमात्र फरक पडत नाही. म्हणूनच तिच्याविषयी जितकी हयगय होते तितकी दुसऱ्या कोणत्याही तारेविषयी होत नाही. भिंतीवरचा सॉकेट दोन भोकांचा असला की तीन पिनांच्या प्लगाची वरची जाड पिन कापून टाकणारे कारागीर मी पाहिले आहेत. प्लगच नसला तर तारांची उघडी टोके भोकांत घालून ती काडेपेटीच्या काड्या खोचून घट्ट बसविणारेही पाहिले आहेत. ती वरची पिन इतर दोहोंपेक्षा लांब ठेवलेली असते, ती प्लग घालताना तिचा संबंध सर्वांआधी जुळावा आणि काढताना सर्वांच्या शेवटी तुटावा, म्हणजे यंत्रात वीज असेल त्या एकाही क्षणी ते जमिनीपासून तुटलेले असू नये, एवढ्याचसाठी. ज्याने ती लांबी ठरविली त्याने माणसाच्या जिवाचा फार बारकाईने विचार केला होता.

ही तार करते काय, ते एकदा नीट समजले पाहिजे. आपल्या गल्लीच्या तोंडाशी जो ट्रान्सफॉर्मर असतो, ज्याला आपण सारे ‘डीपी’ म्हणतो, त्याच्यापासून निघणारी न्यूट्रलची तार तेथेच जमिनीशी जोडलेली असते. याचा अर्थ असा, की आपण ज्या भूमीवर उभे असतो ती भूमीच विजेच्या मंडलाचे एक टोक असते, आणि फेजच्या तारेला किंवा तिचा स्पर्श झालेल्या लोखंडाला ज्याचा हात लागतो, त्याच्या देहातून २३० व्होल्टचा दाब जमिनीकडे वाट शोधू लागतो. मोटरीच्या आतील वेटोळ्यांवरचे आवरण उष्णतेने, तेलाने, दमट हवेने किंवा नुसत्या वयाने झिजले, की आतली वीज बाहेरच्या लोखंडी अंगात उतरते. अशा वेळी ते लोखंड जाड तांब्याच्या तारेने जमिनीशी पक्के जोडलेले असेल, तर वीज त्या सुलभ वाटेने निघून जाते, तिचा लोंढा मोठा असेल तर फ्यूज वितळतो आणि यंत्र बंद पडते. कारागिराला त्याचा उपद्रव एवढाच, की काम थांबले. ती वाट नसेल तर लोखंड तसेच भारलेले राहते, आणि उरलेली एकमेव वाट माणसाची असते. अण्णांच्या झिणझिण्या म्हणजे यंत्राने कित्येक आठवडे रोज दिलेली नोटीस होती. ती वाचता येणारा माणूस आमच्यात नव्हता.

जमिनीशी जोडणे हेही वाटते तितके सोपे नाही. भूसंपर्काची जुनी पद्धत अशी, की खोल खड्डा घेऊन त्यात साठ सेंटिमीटर चौरस आणि सुमारे सहा मिलिमीटर जाडीचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा उभा पुरावयाचा, त्याच्याभोवती लोणारी कोळसा आणि मीठ यांचे आलटून पालटून थर द्यावयाचे, आणि वर एक नळी ठेवून तिच्या नरसाळ्यातून वेळोवेळी पाणी घालावयाचे. कोळसा ओल धरून ठेवतो आणि मीठ त्या ओलीला वीजवाहक करते. मात्र तेच मीठ कालांतराने पत्रा खाऊन टाकते, आणि पाणी घालण्याची आठवण इमारतीचा वास्तुपूजेचा फोटो जुना होण्याआधीच विसरली जाते. मराठवाड्यातील किंवा सोलापूरकडील जमीन चैत्र-वैशाखात भेगाळून जाते, तेव्हा त्या खड्ड्यातील कोरड्या मुरमाकडून विजेला वाट मिळेल ही आशा व्यर्थ असते. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत, वीजपुरवठा करणाऱ्याने आपल्या भूसंपर्काची परीक्षा दोन वर्षांतून निदान एकदा, आणि तीही कोरड्या ऋतूतील कोरड्या दिवशी घ्यावी, असे स्पष्ट लिहिलेले होते. पावसाळ्यात ओली जमीन सर्वांनाच उत्तीर्ण करते, म्हणून परीक्षा वैशाखात घ्यावी, हे त्या नियमामागचे शहाणपण लहान कारखानदारांनीही आपलेसे करण्याजोगे आहे.

“आमच्याकडे फ्यूज आहे,” असे पुष्कळजण निर्धास्तपणे सांगतात. त्यांची समजूत दूर करण्यासाठी थोडे आकडे सांगणे भाग आहे. अमेरिकेत बर्कली येथील विद्यापीठात चार्ल्स डाल्झील नावाच्या विद्युत अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी १९४० च्या दशकात स्वेच्छेने पुढे आलेल्या स्त्री-पुरुषांवर प्रयोग करून असे मोजले, की हातात धरलेली भारित वस्तू स्वतःच्या इच्छेने सोडून देणे माणसाला किती विद्युत्प्रवाहापर्यंत शक्य असते. पुरुषांच्या बाबतीत त्याची सरासरी १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांच्या बाबतीत साडेदहा निघाली. त्यापुढे मनगटाचे व बोटांचे स्नायू आकुंचन पावून मूठ मिटते, आणि सोडावेसे वाटत असूनही माणसाला ती उघडता येत नाही. ‘विजेने धरून ठेवले’ असे आपण म्हणतो ते वस्तुतः आपल्याच हाताने धरून ठेवलेले असते. छातीतून पन्नास ते शंभर मिलिअँपिअरचा प्रवाह सेकंदभर वाहिला, तर हृदयाचे ठोके एकतानता सोडून नुसते थरथरू लागण्याचा धोका असतो, आणि त्या थरथरीतून रक्त पुढे ढकलले जात नाही. आता साध्या साठ वॅटच्या जुन्या दिव्यातून सुमारे २६० मिलिअँपिअर प्रवाह जातो. म्हणजे एका दिव्याला लागते तेवढ्या विजेत माणसाचा प्राण घेण्याचे सामर्थ्य कितीतरी पटींनी आहे. आणि दहा अँपिअरचा फ्यूज वितळण्यासाठी त्याहूनही कितीतरी पट प्रवाह लागतो. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी आहे, इमारतीला आग लागू नये म्हणून आहे. एक माणूस त्या तारेवर मरत असला, तर फ्यूजच्या दृष्टीने ती नोंद घेण्याजोगी घटनाच नसते.

ही उणीव भरून काढणारे साधन आज कोणत्याही विजेच्या सामानाच्या दुकानात मिळते. बोलीभाषेत त्याला अजून ‘ईएलसीबी’ म्हणतात, नव्या डब्यांवर ‘आरसीसीबी’ असे लिहिलेले असते. त्याचे तत्त्व एखाद्या काटेकोर खजिनदारासारखे आहे: फेजमधून जितकी वीज गेली तितकीच न्यूट्रलमधून परत आली पाहिजे; तिच्यात ३० मिलिअँपिअरची तूट आढळली, तर ती कोणाच्या तरी देहातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गेली असा निष्कर्ष काढून ते साधन सेकंदाच्या अल्पांशात पुरवठा तोडते. स्वतः डाल्झील यांनीच आपल्या मोजमापांच्या आधाराने १९६० च्या दशकाच्या आरंभी असे एक साधन अमेरिकेत सिद्ध केले. त्याच्यावर एक लहानसे बटण असते, आणि महिन्यातून एकदा ते दाबून साधन जागे आहे की नाही ते पाहावे अशी अपेक्षा असते. बसविल्या दिवसापासून ज्याला बोट लागलेले नाही अशी कित्येक बटणे मी पाहिली आहेत; आणि पावसाळ्यात ‘सारखे पडते, कामाचा खोळंबा होतो’ म्हणून ते साधनच वगळून सरळ तार जोडून घेतलेलेही पाहिले आहे. सारखे पडणारे ईएलसीबी वीज कोठेतरी गळत असल्याची तक्रार करीत असते. तक्रारदाराला कायमचे गप्प बसवून तक्रारीचा निकाल लागत नाही.

१९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, त्याआधी गिरणीतील धोका डोळ्यांना दिसणारा होता. बॉयलर गरजत असे, छताखालून धावणारा शाफ्ट आणि त्यावरचे चामडी पट्टे नव्या उमेदवारालाही दुरूनच भीती घालीत. विजेने ते पट्टे नाहीसे केले, आणि त्याबरोबर भीतीही नाहीशी केली. चालू तार आणि बंद तार यांत दिसण्याचा, वासाचा, आवाजाचा काही फरक नसतो. यामुळेच या धंद्यातील जाणते लोक डोळ्यांवर विश्वास ठेवीत नाहीत. खिशातल्या टेस्टरचा निऑन दिवा लागला नाही, एवढ्यावरून तार मेलेली आहे असे ते मानीत नाहीत. तो टेस्टर आधी चालू असलेल्या तारेवर लावून पाहतात, मग संशयित तारेवर, आणि पुन्हा एकदा चालू तारेवर, कारण दिवा न लागण्याचे कारण तारेतील विजेचा अभाव हे असू शकते तसे टेस्टर बिघडणे हेही असू शकते.

परंतु दुरुस्तीच्या कामात माणसे मरतात ती बहुधा तार ओळखता न आल्याने नव्हे, तर बंद केलेली वीज दुसऱ्या कोणीतरी सुरू केल्याने. भारनियमनाच्या वर्षांत ही गोष्ट आपल्याकडे गावोगाव घडत होती. ‘लाईट गेलीच आहे, तोवर उरकून घेऊ’ असे म्हणून मुख्य स्विच तसाच ठेवून कारागीर यंत्रात हात घाली, आणि ठरलेल्या वेळेआधी लाईट येई. खरे तर मोटरीच्या स्टार्टरमध्ये अशी योजना असते, की वीज गेली की त्यातील चुंबकाची पकड सुटते आणि वीज परत आल्यावर कोणी मुद्दाम बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही; पण पुन्हा पुन्हा बटण दाबावयाचा कंटाळा म्हणून त्यात काडी खोचून ते दाबलेलेच ठेवण्याची युक्ती शेतातील पंपापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सर्वत्र पोहोचलेली आहे. शेजारच्या दुकानदाराने लावलेला जनित्रसंच चेंजओव्हर स्विचवाचून थेट मीटरनंतरच्या तारांना जोडलेला असेल, तर त्याची वीज उलट्या दिशेने डीपीपर्यंत जाते, तेथे चढत्या दाबाची होते, आणि खांबावर ‘लाईन बंद आहे’ या खात्रीने चढलेल्या वीज कर्मचाऱ्याला मारते. त्या दुकानदाराला आपल्या हातून काय घडले ते कदाचित कधी कळतही नाही.

यावर उपाय आहे तो कुलपाचा. मोठ्या कारखान्यांत रीत अशी, की ज्याचा हात यंत्रात जाणार त्याने स्वतः मुख्य स्विच उघडावयाचा, त्या स्विचला आपले कुलूप लावावयाचे, वर आपल्या नावाची पाटी अडकवावयाची, आणि किल्ली आपल्या खिशात घेऊन मग कामाला लागावयाचे. तिघेजण काम करीत असतील, तर एकाच कडीला तीन कुलुपे. शेवटचा माणूस बाहेर येऊन आपले कुलूप काढीत नाही तोवर खुद्द व्यवस्थापकालाही ते यंत्र सुरू करता येत नाही. मला ही रीत फार मोलाची वाटते, ती केवळ अपघात टाळते म्हणून नव्हे. जेथे सारे हुकूम वरून खाली येतात तेथे हा एक अधिकार, आपला हात यंत्रात असेतो यंत्र बंद ठेवण्याचा अधिकार, सर्वांत खालच्या माणसाच्या खिशात ठेवलेला आहे. या व्यवस्थेला लागणारे कुलूप गावच्या बाजारात मिळते. पाच माणसांच्या वर्कशॉपला ते परवडत नाही असे कोणी म्हणू नये.

कायद्याचे म्हणाल तर तो तोकडा नाही. कारखान्यांचा १९४८ चा कायदा लहान कामाच्या जागांना पुष्कळदा लागू होत नसे हे खरे; पण विजेचा २००३ चा कायदा आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम, जे २०१० साली झाले व २०२३ साली नव्याने करण्यात आले, ते जेथे वीज जोडली आहे त्या सर्व ठिकाणांचा विचार करतात. अपघात झाल्यास विद्युत निरीक्षकाला चोवीस तासांत खबर द्यावी लागते, आणि वायरिंगचे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे लागते. तथापि निरीक्षकाचे दप्तर जिल्ह्याच्या ठिकाणी असते आणि झिणझिण्या येतात त्या एखाद्या गल्लीतील शेडमध्ये. कंत्राटदाराने सकाळी नाक्यावरून आणलेला मजूर संध्याकाळी दुसरीकडे जातो. आपल्याला शॉक बसला हे त्याने सांगावे कोणाला? त्याला ग्राइंडर दिला जातो, ग्राइंडरच्या तारेला तीन ठिकाणी चिकटपट्टी असते, पायांत चप्पलही नसते, आणि खाली काँक्रीटवर पाणी मारलेले असते. ओल्या कातडीचा देह कोरड्यापेक्षा विजेला फारच थोडा अडथळा करतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. कचेऱ्यांतून तरी कोठे निराळे आहे? नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात पत्र्याच्या कूलरमध्ये शिपाई चालू स्थितीतच पाणी ओततो, कारण साहेबांना वारा खंडित झालेला चालत नाही. कूलर बंद करून, पिन काढून, मग पाणी भरावयास दोन मिनिटे लागतात.

आणि इतके करूनही कोणाला वीज लागलीच तर? पहिली प्रेरणा त्याला ओढण्याची होते, आणि त्या प्रेरणेने एकाच्या जागी दोन प्रेते पडतात. आधी स्विच बंद करावा. तो जवळ नसेल तर कोरड्या लाकडाच्या काठीने तार किंवा माणूस बाजूला करावा, आणि कोणालातरी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावयास सांगावे. मग माणूस बोलत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने, निदान पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहावे, मदत येईपर्यंत. ही छाती दाबण्याची रीत आज हृदयविकाराच्या रोग्यांसाठी जगभर शिकविली जाते, पण तिच्या मागची कळकळ वीज कामगारांविषयीची होती. खांबांवर काम करणारी माणसे मरू लागल्यामुळे अमेरिकेतील वीजकंपन्यांच्या साहाय्याने जे संशोधन सुरू झाले, त्यात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील विल्यम कॉवेनहोवेन यांनी आयुष्याची कित्येक वर्षे घालविली. ते वैद्य नव्हते, विद्युत अभियंता होते. १९६० साली त्यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या निबंधाने हे दाखवून दिले, की थांबलेले रक्ताभिसरण छाती न उघडता, केवळ दोन हातांनी चालू ठेवता येते. आपल्या वीजघरांच्या भिंतींवर प्रथमोपचाराचा जो तक्ता काचेत लावलेला असतो, त्याच्यावरची चित्रे पुष्कळ ठिकाणी त्या निबंधाच्याही आधीच्या काळातील, पालथे निजवून पाठ दाबण्याची आहेत. तक्ता लावल्याने नियम पाळला जातो. त्याच्यावरचे चित्र वर्षातून एकदा सर्व कामगारांनी सतरंजीवर प्रत्यक्ष करून पाहिले, तर त्यांच्यातील एखाद्याचा जीव वाचेल.

छापखान्यातील त्या प्रसंगानंतर वायरमनने मागच्या अंगणात खड्डा घेतला, मालकांनी पत्रा, कोळसा आणि मीठ आणविले, आणि आम्ही सर्वांनी तो बुजविताना हात लावला. अण्णा दोन महिन्यांनी कामावर परत आले. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे पुढे नीट मिटत नसत, तरी कागद तेच लावीत. यंत्राला पुन्हा स्पर्श करण्यापूर्वी त्यांनी ती नवी तार मोटरीपासून नरसाळ्यापर्यंत स्वतःच्या डाव्या हाताने चाचपीत नेली. मी ते गाव सोडीपर्यंत, दर उन्हाळ्यात शनिवारी संध्याकाळी मोटर बंद केल्यावर, हात धुण्याआधी, ते विहिरीवरून दोन कळशा पाणी आणून त्या नरसाळ्यात ओतीत असत, आणि तेवढा वेळ आम्ही कोणी त्यांना हाक मारीत नसू.